कल्ले

दालकावेच्या बाजारात दोन्या नोल्फा
मासा घेताना डोळ्यांकडे बघत नाही.
डोळे ओले करता येतात, म्हणते, बादलीभर पाण्यानं.
ती कल्ला उचलते.
आत लाल असलं तर भाव पुढे.

त्या मंगळवारी दहा वाजले
तरी तिच्या टेबलाशी गिऱ्हाईक फिरकलं नाही.
शिंपल्यांची टोपली तशीच, ओल्या फडक्याखाली.
शेजारच्या ओर्फेलिनानं फोन पुढे केला:
समुद्र तांबडा झालाय, शिंपले खाऊन दोघं गेली,
दवाखान्यातल्या एका नर्सनं सांगितलंय,
सरकार लपवतंय, लगेच सगळ्यांना पाठवा.
खाली फोटो. किनाऱ्यावर मेलेल्या मासळीचा खच.

आम्ही सगळ्यांनी तो पाठवला होता. मीही.
आईला, दोन्ही चुलत्यांना,
आणि अंगठा उचलायच्या आत
पराचा कावळा चिलोए बेट ओलांडून
पलीकडच्या मोठ्या जमिनीवर.

दोन्या नोल्फानं चष्मा शोधला. डोक्यावरच होता.
फोटो दोन बोटांनी ताणला,
माशाचा जबडा उघडावा तसा.
कुठली नर्स? नाव काय तिचं? कुठल्या दिवशी?
मेलेल्या मासळीकडे तिनं पाहिलंच नाही,
मागचा धक्का पाहिला.
"ही निळी शेड
माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी वादळात गेली.
तो आता ट्रक चालवतो."

हसलो आम्ही, सुटल्यासारखं.

दुपारी दुसरा निरोप आला:
पाणी स्वच्छ, तपासणी झाली, खुशाल खा.
खाली शिक्का. गोल, सरकारी, ठसठशीत.
ओर्फेलिनानं टोपलीवरचं फडकं काढलंसुद्धा.

महिन्याचं भाडं त्या टोपलीत होतं.
तिला तो शिक्का खरा हवा होता,
बुडत्याला काडी हवी असते तितका.
बराच वेळ ती नुसती बघत राहिली.
मग फडकं परत टाकलं.
"हिचेही कल्ले बघू की."

आरोग्य खात्याच्या कचेरीत रिंग वाजत राहिली.
जेवायची सुट्टी. पुन्हा रिंग.
चार वाजता एक बाई, सर्दीनं चोंदलेला आवाज:
नमुने उद्या येतील, आज काहीच सांगता येत नाही.
नाही हो, असा कागद आम्ही काढलेला नाही.

"आज माहीत नाही"
एवढंच खडूनं पाटीवर लिहून
तिनं ती टोपलीला टेकवली.
दिवसभरात बंदरावर
इतकी कमी वाचली गेलेली बातमी दुसरी नसेल.

मी आईला फोन केला.
सकाळचा तो फोटो जुना आहे, म्हणालो, मीच पाठवला होता.
अरे, मी तर केव्हाच मावशीला धाडला,
आणि मावशीनं चर्चमधल्या बायकांना.

संध्याकाळी एकेक नंबर लावत बसलो,
त्या कावळ्याची पिसं वेचत.
काही जण रागावले. एका म्हाताऱ्यानं विचारलं,
मग खरं काय ते तरी सांग.
मी म्हणालो, उद्या.

सतराव्या घरी कुणी फोन उचलला नाही.