धरमकाट्यावर लिंबू

प्रोजेक्टर प्राचार्यांच्या कपाटात असतो,
किल्ली उकंडरावांच्या करदोट्याला.
महिन्यातून दोनदा बाहेर येतो तो
टॉवेलात गुंडाळलेला,
दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलेल्या लेकरासारखा,
आणि बी. एस्सी. भाग दोनची अकरा पोरं
बाकं सरकवून त्याला जागा करतात.

दर्यापूर. मार्चातली दुपार.
खिडकीला सतरंजी, सतरंजीला भोक,
भोकातून आलेला उन्हाचा कवडसा
भिंतीवरून सरकतो,
तास किती उरला ते त्यालाच विचारायचं.

मी तासिका तत्त्वावरचा माणूस.
लॅपटॉप हप्त्यांवरचा.
बॅटरी चाळीस मिनिटांची, तास अठ्ठेचाळीसचा,
लाइनचा भरवसा नाही,
त्यामुळे शेवटची आठ मिनिटं
बहुतेक वेळा खडूचीच.

आज सीमा होती.
एक वजा कोसाइन एक्स, भागिले एक्सचा वर्ग,
एक्स शून्याकडे जाताना.
वर शून्य, खाली शून्य
आणि तरी काहीतरी शिल्लक राहतं,
हे नुसतं सांगून कुणाला पटावं?
म्हणून तक्ता उघडला, रकाने आखले,
एक्स दहापटीनं बारीक करत गेलो.

०.४९९५८
०.४९९९९५८
०.४९९९९९९६

"अर्ध!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
बैल ओळखावा लांबून तसं.
तिथंच थांबायला हवं होतं मी.
पण यंत्र हाती आलं की माणसाला हाव सुटते.
अजून एक ओळ, अजून एक.
आकडे जरासे डगमगले, सावरले, पुन्हा डगमगले,
आणि आठव्या ओळीत,
सात शून्यांमागे एक लपलेला असताना,
भिंतीवर आलं

०

नुसतं. पूर्ण. ठसठशीत.

वर्गात पंख्याचाच आवाज.
"मंग अर्ध कुठी गेलं सर?"
मला कारण माहीत होतं.
यंत्राच्या ओंजळीत सोळाएक आकडे मावतात,
सतरावा बोटांच्या फटीतून गळतो.
तोंड उघडणार तेवढ्यात
मोनाली खंडारे उभी राहिली,
जी हजेरीलासुद्धा हळूच "हो" म्हणते.

"सर, आमचे बाबा धरमकाट्यावर रातपाळीले असतात.
धरमकाट्यावर लिंबू ठेवलं
त काटा शून्यच दाखवते.
मंग काय लिंबू नाही म्हनाव?"

पोरं हसली. मग हसता हसता थांबली.
मीही.

एवढ्यात लाइन गेली,
पाठोपाठ लॅपटॉपनंही डोळे मिटले.
उकंडरावांनी सतरंजी ओढून काढली,
ऊन धाडकन आत.
फळ्यावर मी अर्ध्या कोनाचं सूत्र लिहिलं,
दोन साइन वर्ग, एक्स छेद दोन,
खडू दोनदा तुटला,
आणि चौथ्या ओळीत ते परत आलं,
एक छेद दोन,
न डगमगता,
कुठल्याही एक्सच्या बारीकपणाला न भिता.
मोनालीनं ते वहीत लिहून चौकट केली.
चौकटीबाहेर एक लिंबू काढलं, पानासकट.

रात्री आकोट रोडनं परतताना
धरमकाट्याशी गाडी थांबवली.
तिचे बाबा खुर्चीत मफलर बांधून, रेडिओ लहान आवाजात.
गाडीसकट चढलो: लाल आकड्यांत एकशे नव्वद.
उतरलो, गाडी उतरवली,
बॅग तेवढी लोखंडी पाट्यावर ठेवली:
लॅपटॉप, चार्जर, अकरा वह्या, डबा.

शून्य.

"च्या घेता का सर?" ते म्हणाले,
जणू रोजच कुणीतरी मास्तर
रात्री येऊन बॅग मोजतो.
घेतला.
मग बॅग उचलली.
पट्टा खांद्यात रुतला, नेहमीच्याच जागी.