उणे तीस हजार

आधी प्रत काढून ठेव, असं त्या फाइलीत होतं.
खाली नाव नाही, गाव नाही,
फक्त: मोडलं तर माझ्याकडे येऊ नका.

मी प्रत काढली.
अकरा वर्षांचं जग एका पेनड्राइव्हमध्ये मावलं,
वर शाळेच्या जेवणाच्या याद्यांपुरती जागाही उरली.

केमीत नोव्हेंबरमध्ये तीनलाच अंधार पडतो.
आज गुरुवार, म्हणजे चारशे मुलांचं वाटाण्याचं सूप;
तो वास केसांत घेऊन मी घरी येते,
बूट दारात झटकते,
आणि कोट न काढताच एडिटर उघडते.

गेम जुना. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.
एडिटर मागे राहिला, हट्टी म्हाताऱ्यासारखा:
एकदा पुसलं की पुसलं,
असं आम्ही धरून चाललो होतो,
मी आणि यालमारी.

संगणकाने विचारलं,
ही जोडणी अनोळखी माणसाची आहे, खात्री आहे ना?
खात्री मला लग्नाच्या वेळीही नव्हती.
हो म्हटलं.

काहीच झालं नाही.
मग मेनूच्या तळाशी एक करडी ओळ उगवली,
घाईत लिहिलेली, चुकलेली:
पुसललं दाखवा.

कॅमेरा आपोआप खाली निघाला.
गवताखाली, दगडाखाली,
जिथे कुणी रंग द्यायच्या भानगडीत पडलं नाही
तिथून खाली.
उणे पाच हजार. उणे बारा. पंखा घरघरू लागला.
उणे तीस हजारावर थांबला.

तिथे सगळं होतं.

एडिटर काही पुसतच नव्हता.
आम्ही नको म्हणायचो,
तो बरं म्हणायचा,
आणि तळघरात नेऊन ठेवायचा.
बेचाळीस दारं, भिंत एकही नाही.
एक कोंबडी, खाली जमीन नसतानाही चालणारी.
एका हिवाळ्यात मला काहीच सुचत नव्हतं,
तेव्हाची एकोणीस घरं, सगळी एकसारखी.

आणि यालमारीची पवनचक्की.
सहा पात्यांची.
मी म्हटलं होतं, चार असतात.
तो म्हणाला होता, माझ्या जगात सहा.
मी म्हटलं, आपल्या.
तो झोपल्यावर मी ती काढून टाकली
आणि सकाळी म्हटलं, एडिटर कोसळला रे, काय करणार.
त्याने मान हलवली.
नंतर तो नदीपलीकडे गेला, हापारांडाला, स्वीडनच्या बाजूला.
चक्कीमुळे नाही. पण चक्कीचा विषय
त्यानंतर आम्ही कधी उकरून काढला नाही.

आता बघा:
चक्कीच्या मागे, जरा तिरका,
माझा पूल.
तीनशे दगड, एकेक हाताने बसवलेला.
ईस्टरची सगळी सुट्टी मी तो शोधत होते,
वाटलं, सेव्ह करायलाच विसरले.
(कोसळला असेल, यालमारी म्हणाला होता. काय करणार.)

जोडणी प्रत्येक वस्तूवर तारीख दाखवते.
पूल आधीचा आहे.
चक्कीच्या नऊ दिवस आधीचा.

मी इतकी हसले
की खालच्या मजल्यावरच्या लेम्पीने नळाच्या पाइपावर चमचा वाजवला.

मग उंचीच्या रकान्यातले उणे तीस हजार खोडून
शून्य लिहिलं.
चक्की वर आली, पण भलतीकडेच,
तळ्यात, कमरेपर्यंत बुडालेली;
सहाही पाती पाणी उपसत फिरतायत.
एवढी वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहिलं,
तर हीही तिथेच बरी.

पूल मी खालीच ठेवलाय.
ज्याने नेला त्याने आणावा.
फाइल पाठवून दिली, तिकडे घड्याळ तासभर मागे,
झोपला नसेल अजून.
वर एकच ओळ लिहिली: आधी प्रत काढून ठेव.

एडिटर अजून सांगत नाहीये
सेव्ह झालं की नाही.
कोट अंगातच आहे.