शनिवारपर्यंत

विजेच्या बिलाच्या पाठीवर लायलनं दोन रकाने पाडले.
डावीकडं पेट्रोल, उजवीकडं वीज,
मधे रेघ, रेघेवर कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ.
ग्रेट फॉल्स एकशे पंधरा मैल, तितकेच परत,
महिन्यातून दोनदा, व्हर्नाला भेटायला,
जी हल्ली मला तिची आई समजते
आणि सख्ख्या भावाला कुणीच नाही.

उजव्या रकान्यात पैसे उरत होते. आकडा खोटा नव्हता.
"पण जानेवारीत," तो म्हणाला, "उणे तीसमधे
बॅटरी निम्म्यावर येते. बिग सँडीच्या पुढं वारा सुटला
आणि गाडी बसली, तर तू ढकलणारेस?"
ढकललीय की, मी म्हटलं.
शहाण्णव साली, तुझा तो पिकअप,
जोलीन पोटात असताना.

"आणि रोज रात्री वायर कोण लावणार?
गाडी आहे का टोस्टर?"

मी बोलले नाही. खिडकीतून नुसतं बोट दाखवलं.
आमच्या म्हातारीच्या जाळीतून
जिभेसारखी लोंबणारी वायर.
एकोणीस हिवाळे हाच माणूस
इंजिन गोठू नये म्हणून
साडेनऊला बूट चढवून बाहेर जातो
आणि पेट्रोलच्या गाडीला वीज पाजतो.
लायलनं खिडकीकडं पाहिलं, मग कागदाकडं.
"ते वेगळं," म्हणाला.

डकेटच्या शोरूममधे दोघी शेजारी शेजारी.
मोठी पेट्रोलची, तीन रांगा, सात माणसं.
लायलनं मागची रांग उघडली, मिटली, परत उघडली,
पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा
सीटवरून हात फिरवला.
मी मनातल्या मनात माणसं बसवून पाहिली.
पुढं आम्ही. मधे कोल्बी, तो टॅकोमाला.
जोलीन बोइसीला, शिवाय तिला गाडी लागते.
व्हर्नाला आता उचलूनच बसवावं लागेल.
शेवटच्या रांगेत, काही केल्या,
किराणा.
बेरीज बरोबर होती.
हातचा कुठं गेला तेवढं सापडेना.

मग धाकटी, विजेची.
बटण दाबलं आणि काहीच झालं नाही,
म्हणजे आम्ही निघालो होतो.
रेल्वेचं यार्ड गेलं, धान्याची उंच कोठारं गेली,
कापलेल्या गव्हाची रानं लागली, वर चिमूटभर बर्फ.
इतकी वर्षं माझी समजूत,
की गाडीत आम्ही बोलत नाही
ते इंजिनाच्या आवाजामुळं.
आता इंजिन नव्हतं.
लायलच्या नाकातली बारीक शीळ ऐकू आली,
स्टिअरिंगवर त्याच्या अंगठीची टकटक,
माझ्या पोटातली गुडगुड.
चार मैल असेच.
पाचव्याला तो म्हणाला,
"कोल्बीचा फोन होता. मंगळवारी.
तुला सांगायचं राहिलं."
काय म्हणाला?
"काही नाही. तिकडं धुकं आहे."
आणि?
"विचारत होता, तू कशी आहेस."

उरलेल्या वाटेवर ती गाडी
एवढीशी गोष्ट घेऊन धावली.
परत आलो तेव्हा नऊ टक्के उतरले होते.

डकेट म्हणाला, शनिवारपर्यंत दोन्ही धरून ठेवतो.

साडेनऊला लायलनं बूट चढवले.
बाहेर फारशी थंडी नव्हती,
एवढ्याला वायर लागत नाही. तरी गेला.
मी दिवा न लावता खिडकीशी उभी.
वायरचं टोक हातात धरून तो बराच वेळ थांबला,
पलीकडून कुणी फोन उचलायची
वाट बघावी तसा.
मग लावली.

आत येऊन, पाठमोरा, बूट काढता काढता म्हणाला,
"सात लागतील का गं आपल्याला?"

मी टेबलावरचा कागद उलटा केला.
मागच्या बाजूला बिलच होतं,
चौदा तारखेच्या आत भरायचं.