दुसरा ऑसिलेटर

रेवंडकरांनी यंत्र आणलं चादरीत गुंडाळून,
आजारी माणसाला टॅक्सीत घालतात तसं,
परळहून कांजूरमार्गला, बाराव्या मजल्यावर.
सदतीस पट्ट्या. त्यातली एक मुकी.
लाकडी गालावर सिगारेटचे तीन डाग
आणि मागे पांढऱ्या रंगात:
ऑर्केस्ट्रा निशिगंधा. हात लावू नये.

अकरा आठवडे मी हातच लावला.
एकेक खुंटी एकेक अंश फिरवून
लाट पडद्यावर पाहिली:
करवतीचे दात, पण वापरून वापरून बोथटलेले.
माझ्या कोडमधली करवत कोरी.
वरच्या पट्टीत तिचे स्वर छताला आपटून
भलत्याच जागी खाली पडायचे, काचेसारखे.
ते झाडण्यातच मार्च गेला.

मग फिल्टर. रेझोनन्स टोकाला नेला की
त्यांचं यंत्र आपणहून शीळ घाली,
लिफ्टमध्ये एकटा असलेला माणूस घालतो तशी.
माझं किंचाळे.
आत कुठेतरी एक ट्रान्झिस्टर गुदमरतो,
त्या गुदमरण्याचं सूत्र जुळलं
रात्री अडीचला. भात करपला होता.

सगळ्यात जास्त वेळ चुकीने घेतला.
यंत्र थंड असताना दुसरा ऑसिलेटर
पहिल्यापेक्षा सात सेंट खाली.
वीस मिनिटांनी चार. पंखा लावला की परत सहा.
दोघांमधल्या त्या फटीतूनच
ऊब येते, जाडी येते,
लोक ज्याचे पैसे देतात ते येतं.
मी फट मोजली, तिच्यात यादृच्छिक आकडे सोडले,
पडद्यावर एक गोल बटण काढलं.
नाव दिलं: थकवा.

रविवारी रेवंडकर आले.
चष्मा कपाळावर, हेडफोन उलटा.
बटण शून्यावर, मग दहावर, मग पुन्हा शून्यावर.
"आमी जल्मभर ह्येका सुरात आणूक मेलंव,
नि तू बेसूर करूचे पैशे घेतंस, बाय?"
मी हसले. ते नाही हसले.

मग काळाचौकीचं मैदान निघालं, गणपतीतला सातवा दिवस.
मंडळाची रोषणाई लागली की व्होल्टेज कोसळे
आणि अख्खं यंत्र पाव पट्टी खाली.
बासरीवाला भर स्टेजवर शिव्या घाली.
गाणारी, कुणी शैलजा मोंडकर,
न थांबता, न बघता
यंत्राबरोबर खाली उतरायची.
"तिका कळायचा," म्हणाले,
आणि चहा मागितला, बिनसाखरेचा.

बोलता बोलता ते वाजवत होते
माझ्या दोन सप्तकांच्या प्लास्टिकवर.
आणि दर दोन ओळींनी
त्यांचा डावा हात उठे,
पट्ट्यांच्या वर, थोडा बाहेर,
हवेत चिमूट धरी, केसभर फिरवी
आणि परत येई.
तिथे काही नव्हतं.
टेबलाची कड. चार्जिंगला लावलेला माझा फोन.
त्यांना ठाऊकही नव्हतं.

मी नुसतं घसरणं लिहिलं होतं.

रात्री फाइल उघडली.
व्होल्टेज घातलं, ते सोपं होतं.
हातापाशी अडले.
तो किती उशिरा येतो?
कधी जास्तच फिरवतो का?
ती गात असताना चुकतो, की तेव्हाच चुकत नाही?
इथे यादृच्छिक आकडे चालत नाहीत.
तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं.
समोरच्या टॉवरमध्ये कुणीतरी
टीव्ही चालू ठेवून झोपलं होतं.

चादर अजून खुर्चीवर आहे, निळ्या फुलांची.
यंत्र ते माझ्याकडेच सोडून गेलेत,
एवढंच बजावून: मुकी पट्टी दुरुस्त करू नको.
का, ते मी दोनदा विचारलं फोनवर.
दोन्ही वेळा कारण वेगळं सांगितलं.