पुढची बाजू

नऊ वर्षं मी जिला पुढची बाजू म्हणत आले
ती पाठ होती.
काल कळलं. गॅलरीत, ओल्या पंचावर झाड तिरकं ठेवलेलं,
आणि घरंगळलेला ब्रश उचलायला मी वाकले तेव्हा.
खालून बघितलं की खोड आधी डावीकडे जातं,
थबकतं,
मग कुणीतरी हाक मारल्यासारखं वर वळतं.
हे वळण इतके दिवस भिंत बघत होती.

वीतभर जुनिपर. हडपसरच्या नर्सरीत
काळ्या पिशवीत उभं होतं. विकणारा म्हणाला,
पुण्यात नाही हो रमत हे, थंडी पुरत नाही त्याला.
म्हटलं, मलाही नाही पुरत.

तीस वर्षं टिळक रोडच्या दवाखान्यात
पोरांच्या दातांना तारा बांधल्या.
तारेनं ओढायचं नसतं,
रोज तेच, हळू आवाजात सांगत राहायचं असतं.
रडणाऱ्याला म्हणायचे, दोनच दिवस दुखेल.
झाडाला काय म्हणू?
ॲल्युमिनियमची तार, पंचेचाळीस अंशांत,
पहिली फांदी आली खाली, मुकाट्यानं.
दुसरीही आली.
तिसरीला आवाज झाला.
पापड मोडतो तेवढाच.

फ्रेनीला कॅम्पात फोन लावला.
ती म्हणाली, रडू नकोस, सोल तिला.
मग पकडीनं साल उतरवली, जुन्या हँडपीसवर
बारीक बर लावून रेषा कोरल्या.
आत लाकूड दुधाच्या दाताच्या रंगाचं,
आणि वास पेन्सिलीला टोक काढतानाचा,
इतका सरळ शाळेतला
की मी बोटं पुसलीच नाहीत.

कुंडीचं मात्र आमचं जमेना.
मला निळी हवी होती, चकचकीत,
दोन वर्षं कपाटावर जपलेली.
फ्रेनी विचारते, तू झाड दाखवणार की भांडं?
खोली खोडाच्या जाडीएवढी, म्हणाली,
रंग सालीशी भांडणारा नको, आणि कोपरे गोल,
तुझं झाड काही सैन्यात नाही.

म्हणून बुंध्याचं माप घेतलं, जबड्याचं घ्यायचे तसंच,
गुलाबी अल्जिनेटमध्ये, वर प्लास्टर ओतून,
आणि ते पांढरं ठोकळं पिशवीत घालून
बसनं केशवनगरला गेले.
माठांचे दिवस. अंगणभर ओले माठ उलटे बसलेले.
निवृत्ती कुंभारांनी ठोकळा फिरवून फिरवून बघितला.
हे कोणाचं?
झाडाचं.
बरं, म्हणाले, जणू रोजच येतात झाडं.
एवढं उथळ? दही लावणार का यात?
आणि खाली दोन भोकं पाडा म्हटल्यावर
हात थांबला त्यांचा.
बाई, तीन पिढ्या आम्ही
गळणाऱ्या भांड्याची लाज धरली.

भाजून आली ती विटकरी, एका बाजूला किंचित बसलेली,
काठाजवळ अंगठ्याचा खळगा.
तीन दिवस शेजारी ठेवून बघितली. निळी परत कपाटावर.
खळगा बरोबर त्या वळणाखाली येतो.
निवृत्तींनी वळण पाहिलंच नव्हतं.

पण यंदा नाही बसवायचं त्यात.
फांद्या वाकवल्या त्याच साली मुळं कापायची नसतात,
फ्रेनीनं दोनदा बजावलंय, दुसऱ्यांदा ओरडून.
एका वेळी एकच दुखणं.
तेव्हा झाड जुन्याच कुंडीत, नुसतं फिरवून ठेवलेलं,
मी समोर पाटावर,
कारण ते वळण उभ्यानं दिसत नाही.

नवी कुंडी वर्षभर रिकामी.
आज सकाळी तळजाईकडून मोर ओरडला,
ऊन चढायला लागलेलं,
म्हटलं तोवर चिमण्यांना पाणी तरी ठेवावं हिच्यात.
तांब्या ओतला.
कठड्यावरची चिमणी आणि मी, दोघी बघत राहिलो,
पाणी कुठे जातंय.