बत्तीस हजार सातशे अडुसष्ट

ऐवार म्हणायचा, अख्खी डिस्क एकाच कामाची,
तिला भिंती कशाला घालायच्या?
कुरेसारेच्या संग्रहालयात, तळघरात,
जिथे एप्रिलपर्यंत हातमोजे काढवत नाहीत,
त्याने ती तशीच फॉरमॅट केली,
सलग, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत,
ना पार्टिशन, ना त्यांचा तक्ता,
आणि तिच्यात बेटावरच्या म्हाताऱ्यांचे आवाज भरले:
मासे खारवताना मोजायची बोली,
समुद्रावरचा बर्फ तडकण्याआधी जे वाजतं त्याची नावं,
हेल्मी नावाच्या बाईचं मधेच थांबून खोकणं.

अकरा वर्षं काही बिघडलं नाही.
हे मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच
ऐवारला चुकीचा ठरवायला बसतात.
लिनक्सला चालतं. कर्नल भिंती मागत नाही.

मग ऐवार गेला,
आणि ऑक्टोबरात ताआवीने डिस्क काढून
ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकाला लावली.
त्याने पहिली दोन पानं चाळली.
पीक उभं होतं, उताऱ्यावर नाव नव्हतं.
डिस्क कोरी दिसते, त्याने नम्रपणे विचारलं, तयार करू का?
पोरगं वीस वर्षांचं. तेही नम्रपणे हो म्हणालं.

सतरा किलोबाइट.
चिमूटभर मीठ म्हणा.
पण नकाशा तेवढ्यातच होता.

त्या रात्री मी ताआवीला घरी जाऊ दिलं नाही.
शेजारी बसवलं, काळा चहा दिला,
आधी सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, त्यात चार तास गेले,
मग दाखवलं, की ही फाइल-सिस्टीम
सगळे पैसे एका डब्यात न ठेवणाऱ्या बाईसारखी असते,
नकाशाच्या प्रती लांब लांब लपवते.
पहिली: ब्लॉक बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
आकडा मी टाइप केला, दोनदा वाचला.
एन्टर त्याला दाबायला लावलं.

पहाटे हेल्मी खोकली.

आता नवी डिस्क आली की मी एकच पार्टिशन करते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आत एकही भिंत नाही, ऐवार, तुझंच खरं.
फक्त सुरुवातीला एक मेगाबाइट मोकळा सोडते,
उंबरठ्याएवढा,
आणि दारावर पाटी लावते: इथे कुणीतरी राहतं.
ताआवी विचारतो, हे गरजेचं आहे का?
मशीनला नाही, मी म्हणते,
आणि त्याच्याकडे बघत नाही.