तर्रीचं रीडिंग

मे महिन्यात मानेवाड्यात धापा कोण टाकत नाही?
कुत्री टाकतात, नालीच्या ओल्या कडेला पोट लावून.
पाण्याचे कॅन वर आणणारा पोरगा टाकतो.
मी टाकतो, दोन जिने चढलो की.
म्हणून तर्रीनं तोंड उघडलं
तेव्हा मी कूलरमध्ये अजून एक बादली ओतली, एवढंच.

तर्री. बोका असूनही तर्री.
पोह्यांवर ओततात त्या रंगाचा,
लाल, तेलकट, उन्हात चमकणारा.

खालच्या उईकेंची चिमी दारात थांबली.
"काका, हा काहून असा बसून राहिला?"
मी पाहिलं. म्हणजे तेव्हा खरं पाहिलं.
फरशी गार होती आणि तो तिच्यावर आडवा होत नव्हता.
कोपरं अंगापासून लांब, मान पुढे,
जड ट्रंक उचलून
कुठं ठेवायची ते विसरल्यासारखा.
छातीचं काम पोट करत होतं.

चार दिवस पलंगाखाली होता.
मला वाटलं, ऊन.
ताटलीत अर्धं उरत होतं.
मला वाटलं, ऊन.
खिडकीवर उडी मारायला त्यानं अंदाज घेतला
आणि तसाच परत फिरला.
खोकला नाही, ओरडणं नाही, तक्रार नाही.
सेहेचाळीस डिग्रीत माणसाला
सगळी उत्तरं आयती मिळतात.

सेमिनरी हिल्सला डॉक्टर लांजेवारबाईंनी
आधी ऑक्सिजन लावला, मग हात.
"कुत्र्याचं सोडा. मांजर तोंडानं श्वास घेतं ना,
तेव्हा घड्याळ नाही पाहायचं, ऑटो पाहायचा."
नंतर त्यांनी नळी माझ्या कानात घातली.
दोन ठोके ऐकू येतील असं वाटलं होतं.
तीन टापा होत्या,
डांबरी रस्त्यावर टांग्याचा घोडा बिथरावा तशा.

पडद्यावर अक्रोडाएवढं काळंपांढरं काहीतरी.
"भिंती जाड झाल्या, आतली खोली लहान झाली.
रक्त मावत नाही, मागं तुंबतं,
पाणी फुप्फुसात झिरपतं."
मी म्हटलं, फेल म्हणजे बंद पडणार?
"बंद नाही. कमी पडून राहिलं."

वीज मंडळात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला
हे आधी कळायला हवं होतं.
फ्यूज जाण्याआधी दिवे पिवळे पडतात,
पंखा जड फिरतो,
आणि घरातले म्हणतात, आज व्होल्टेज कमी आहे बाप्पा.

आता सकाळ-संध्याकाळ पाण्याची गोळी.
रक्त गोठू नये म्हणून दुसरी, तिचा चौथा तुकडा, ब्लेडनं.
मागचे पाय एकाएकी लुळे, गार पडले
तर रात्र असो, घरात लग्न असो, निघायचं.
आणि रोज मोजायचं, तो झोपेत असताना.
छाती वर, छाती खाली: एक.
पूर्ण साठ सेकंद. तिसाच्या आत हवं.

लोकांच्या जिन्याखाली वाकून मी आकडे लिहिले.
त्यांच्या कुत्र्यांनी माझी पोटरी धरली.
आता जुन्या बिलांच्या पाठीवर
एका बोक्याचे आकडे लिहितो:
अठ्ठेचाळीस. एकेचाळीस. चौतीस.
इथे शाईवर गोळीचा चुरा सांडला आहे.
एकोणतीस.

कूलर चालू असला की छाती दिसते,
पण सगळी खोलीच श्वास घेते असं वाटतं.
म्हणून मोजताना कूलर बंद करतो.
घाम चष्म्यात उतरतो. चिमी सेकंद म्हणते.
काल मला खुर्चीत डोळा लागला,
जागा झालो तर ती घड्याळ धरून बसलेली.
"तुमचे सव्वीस झाले, काका."
ते मी कुठं लिहिलं नाही.

पहाटेचे चार. लाइन गेलेली.
तर्री कुशीवर आहे, आज कुशीवर,
चारही पाय सोडून.
सत्तावीस.
पुन्हा एकदा मोजतो.